घोडा आज किती चालला, ते आधी विचारा

एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं रजिस्टर मला लांबून ओळखू येतं. २२ वर्षं पतसंस्था आणि हाउसिंग सोसायट्यांचं ऑडिट करतेय, त्यामुळे यात कौतुक काही नाही. भाजीवालीला शिळी मेथी कळते तसंच. शाई सगळीकडे सारखी, अक्षर सारखंच तिरकं, मार्चमध्ये खाडाखोड नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. खरं रजिस्टर कळकट असतं. त्यावर चहाचा डाग असतो, मध्येच कोणाचा तरी फोन नंबर खरडलेला असतो.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या या पागेबद्दल लिहायला बसले ते तिथल्या रजिस्टरमुळेच. म्हणजे रजिस्टर नाही, फळा. कुठल्यातरी शाळेने काढून टाकलेला असणार, कारण वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं ‘पट’ आणि ‘हजर’ अजून दिसतं. त्याखाली नऊ घोड्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे तो त्या दिवशी किती वेळ खोगिराखाली होता ते खडूने. तीन वेगवेगळी अक्षरं, पुसून पुन्हा लिहिलेलं, एका ठिकाणी ओला हात लागून फिसकटलेलं. ‘बर्फी – ६.१५ ते ७, ७.३० ते ८.१५. झाले.’ ‘तुफान – नाल पडला. नाही.’ ‘मैना – कोतल.’ पाच मिनिटं मी त्या फळ्यासमोर उभी होते. घोडे नंतर बघितले.

याला कारण आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी घोड्यावरून पडले. इथे नव्हे, दुसरीकडे. त्या जागेचं नाव लिहीत नाही आणि गावही लिहीत नाही. चार महिने शिकत होते, दुडकीत उठबस करायला नुकतं कुठे जमायला लागलं होतं. (दुडकीत घोडा तिरक्या जोडीतले दोन पाय एकदम टाकतो, त्यामुळे दर पावलाला पाठ उसळते. त्या तालावर आपण खोगिरातून किंचित उठायचं आणि पुन्हा बसायचं. ताल चुकला की कमरेचा एकेक मणका मोजून मिळतो.) रविवार, सकाळचे आठ, तपकिरी घोडी, स्वभावाने निव्वळ गाय. वळणावर तिने ठेच खाल्ली, पुढचे गुडघे टेकले आणि मी तिच्या खांद्यावरून पुढे, पसरलेल्या हातावर. उजवं कॉलरबोन. सहा आठवडे हात गळ्यात.

आठवड्याभराने नवरा उरलेल्या फीचं विचारायला गेला, तेव्हा तिथला पोरगा सहज बोलून गेला, “ती होय? ती आदल्या रात्री लग्नाला होती ना. दीडला आली.” म्हणजे वरात. डीजे, फटाके, डांबरी रस्त्यावर चार तास, पाठीवर नवरदेव आणि नवरदेवापुढे कोणाचं तरी पोर. आणि सकाळी आठला मी. नवऱ्याला रजिस्टरचा फोटो काढून आणायला सांगितलं होतं, सवयच ती. आदल्या तारखेला त्या घोडीच्या नावापुढे लिहिलं होतं: आराम. अख्खा महिना एका निळ्या पेनाने.

घोडीला मी बोल लावत नाही. मार्चएंडला रात्री दीडला घरी आलं की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पायरीला मीसुद्धा अडखळते, आणि माझ्या पाठीवर तर ५८ किलोचं कोणी बसलेलंही नसतं.

हाड तीन महिन्यांत जुळलं. मांड जुळेना. “पडल्या पडल्या लगेच चढायचं असतं, नाहीतर भीती बसते,” असं मला निदान पंधरा जणांनी ऐकवलं. त्यातले चौदा कधी माथेरानच्या तट्टावरही बसले नसतील. हात गळ्यात बांधलेला असताना चढायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. पुढे नौपाड्यात लग्नाच्या हॉलसमोर सजवलेली घोडी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथने जायचे. सासूबाई म्हणायच्या, पन्नाशीला आलीस, आता कसली घोडदौड. त्यांचं फार चुकत होतं असंही नाही.

असे १३ महिने गेले. मग ओवळ्याच्या एका सोसायटीचं ऑडिट करताना तिथले सेक्रेटरी म्हणाले, मागच्या बाजूला खाडीकडे एक पागा आहे, आमच्या लोकांची वासाबद्दल तक्रार असते. कागदपत्रं पिशवीत टाकली आणि वासाच्या दिशेने निघाले.

रस्त्याबद्दल एकदाच लिहिते आणि विषय सोडते. या घाटावर अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. आता त्याच रस्त्यावर मेट्रोचे खांब, धूळ आणि कंटेनर. घोड्याची दुडकी ताशी १२-१३ किलोमीटर असते. एका शनिवारी मानपाड्यापासून पागेपर्यंत गाडीची सरासरी काढली, नऊ आली. सकाळी सहाच्या आत पोचा, नाहीतर जाऊच नका.

मालकांना सगळे काका म्हणतात. साठी ओलांडलेले, आयुष्य पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेलं, आधी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, मग पहाटेच्या कसरतीला घोडे पळवणारे. मी चौकशी करायला आलेय म्हटल्यावर त्यांनी फी सांगितली नाही. विचारलं, “कवा पडला होता?”

“कशावरून?”

“उजवा हात ओढणीत गुंडाळून उभ्या हाय तुमी. घोडं समोर आल्यापासनं.”

मग मी माझा प्रश्न विचारला. गेले १३ महिने तो तयार ठेवला होता. हा घोडा आज किती चाललाय? काकांनी फळ्याकडे नुसतं बोट केलं.

इथला नियम असा. एक फेरी ४५ मिनिटांची. एका घोड्याला सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी फार तर एक. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. वराती अजिबात नाहीत, कितीही पैसे दिले तरी. आणि शिकवणीच्या वेळी एक घोडा खोगीर घालून रिकामा उभा ठेवायचा. चालू फेरीत एखादा घोडा दमला तर मधेच बदलून द्यायचा, जादा पैसे न घेता. या रिकाम्या घोड्याला ते कोतल म्हणतात. कोतल घोडा मी मिरवणुकीच्या वर्णनात वाचला होता, साज घालून नुसता बरोबर चालवायचा तो. रोजच्या तोंडी हा शब्द ऐकला तो इथेच. काका म्हणाले, रेसकोर्सवर कोणी म्हणत नाही, हा आजोबांचा शब्द.

पहिले तीन दिवस मला घोड्यावर बसवलंच नाही. खरारा करायचा, खुरांतली माती काढायची, लगाम धरून चालवायचं. आणि त्याचे दिवसाला ३०० रुपये! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी तिथे लीद भरते आणि वर पैसेही देते. पहिल्या दिवशी खरंच फसवणूक वाटली होती. दुसऱ्या दिवशी काकांनी घोड्याची नाडी बघायला शिकवलं आणि मी विरघळले, कारण शेवटी आकडे आले. जबड्याच्या खालच्या कडेवरून एक शीर जाते, तिच्यावर दोन बोटं ठेवायची, १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४. बर्फीचे १५ सेकंदांत नऊ आले, म्हणजे ३६. दुडकीनंतर पुन्हा मोजले, बावीस. दहा मिनिटांनी बारा. काका म्हणाले, ही जी खाली येण्याची घाई आहे ना, तोच दम. ठोके किती वर गेले त्यापेक्षा किती लवकर उतरले ते बघायचं. लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतींत पशुवैद्य हेच बघतात. टप्प्यावर ठरलेल्या वेळेत ठोके ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोडा तिथेच बाद. ‘ताज्या दमाचा घोडा’ हे आपण लिहितो-बोलतो, निवडणुकीच्या बातम्यांत तर रोज. हा दम बोटांनी मोजता येतो, हे मला ४८ व्या वर्षी कळलं.

दमलेला घोडा कसा ओळखायचा तेही तेव्हाच शिकले. कान बाजूला पडतात, मान खांद्याच्या खाली जाते, पाय उचलायच्या ऐवजी खूर घासत पुढे येतो. तो घासटल्याचा आवाज ऐकला आणि मला ती फेब्रुवारीतली सकाळ आठवली. आवाज तेव्हाही येत होता. मला वाटलं होतं, मैदान खराब आहे.

चौथ्या दिवशी चढले. सिमेंटचा दोन पायऱ्यांचा चौथरा आहे, त्यावरून. डावा पाय रिकिबीत, हात आयाळीत, आणि बर्फीच्या पाठीवर. बर्फी पांढरी घोडी, काठेवाडी वळणाची, कानांची टोकं आत वळलेली, एकमेकांना टेकतील अशी. बसले. काका म्हणाले, आता उतरा. उतरले. “झालं आजचं.” ९०० रुपयांत दोन मिनिटं. तरीही घरी जाताना गाडीत मी मोठ्याने गाणं म्हणत होते, कापूरबावडीच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता.

पुढच्या वेळी लांब दोरीवर, गोल. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बर्फी. तिची दुडकी शिलाई मशीनसारखी, बारीक आणि सारखी. सातव्या दिवशी मी पोचले तर चौथऱ्यापाशी तुफान उभा.

तुफान रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. उंच, तांबूस, आणि नावाला अजिबात न जागणारा. मी म्हटलं, मला बर्फी हवी. काका म्हणाले, बर्फीचे दोन झाले. मी म्हटलं, १५ मिनिटंच बसते. नाही. मी म्हटलं, काका, दुप्पट देते. हे मी बोलले. मी, जिने १३ महिने त्या दुसऱ्या पागेला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

काका काही रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, पैल्या दिवशी तुमीच इचारलं होतं ना, घोडं आज किती चाललं?”

ऑडिटरला तिचीच शंका तिलाच परत लावली. काय बोलणार. तुफानवर चढले.

आणि कळलं की मला घोड्यावर बसायला येतच नव्हतं, बर्फीवर बसायला येत होतं. तुफानची दुडकी म्हणजे माळशेज घाटातली एसटी. चालीच्या प्रत्येक उसळीला मी हवेत एक क्षण जास्तच राहत होते. माझ्या टाचा वर, हात वर, श्वास बंद. दहा मिनिटांनी कधीतरी कंबर सैल झाली आणि त्याच्या पाठीचा आवाका कळायला लागला. तुफानवर शिकलेलं दुसऱ्या दिवशी बर्फीवर उपयोगी पडलं. बर्फीवरचं तुफानवर पडलं नव्हतं.

अनोळखी घोडा मिळणं ही साधी गोष्ट नाही, हे मान्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, मॉडर्न पेंटाथलॉनच्या खेळाडूंना चिठ्ठीने घोडा मिळायचा आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूच्या वाट्याला आलेला सेंट बॉय नावाचा घोडा अडूनच बसला, ती भर मैदानात रडली, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्का मारला आणि त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून घालवून दिलं. शेवटी २०२४ च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकला. इथे फरक असा की घोडा बदलतात, पण तीन दिवस खुरं साफ करताना तुम्ही नऊही घोड्यांच्या पायाशी बसलेले असता. ते ३०० रुपये त्याचे होते.

आपल्याकडे जुनी विभागणी होतीच: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून. मी बारगिराच्या फीमध्ये शिलेदारी मागत होते. आता बारगिरीचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार नोंदवते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे, २५ घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणक्या, आणि एक नालबंद. इथे नऊ घोड्यांमागे नालबंद शून्य. मुंबईहून एक जण येतो, पाच-सहा आठवड्यांनी. मध्येच नाल पडला तर त्याची वाट बघत घोडा उभा. तुफान असा चार दिवस उभा होता. पाचव्या दिवशी तो ताज्या दमाचा नव्हे, जादा ताज्या दमाचा झाला होता, बाहेर काढल्या काढल्या मागच्या लाथा झाडायला लागला. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर तिन्हींना एकच आहे, तसंच. काकांनी आधी १५ मिनिटं दोरीवर पळवला, मग मला दिला. पण माझी फेरी तेवढी कापली गेली. पैसे पूर्ण.

खरी गंमत मेमध्ये झाली. तोपर्यंत बसणं जमत होतं, पण चढण्याची भीती गेली नव्हती. खाली चौथऱ्यावर उभं राहिलं की तोंडाला कोरड, डावा पाय रिकिबीत जाईना. एकदा वर गेलं की ठीक. त्या संध्याकाळी खाडीवरून वाराच नव्हता. आपल्या दमट हवेत घोड्याचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. वीसेक मिनिटांत तुफानच्या मानेवर, लगामाची वादी घासते तिथे, साबणासारखा पांढरा फेस आला. काकांनी थांबवलं, जबड्याखाली बोटं ठेवली, म्हणाले, “उतरा. मैना घ्या.” मैना त्या दिवशी कोतल. ठेंगणी, भीमथडी वळणाची, कामाला चिवट. उतरले, मैनेवर चढले. दहा मिनिटांनी तिचा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल लागला. घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात, नंतर सोडतात, म्हणून तो चालल्यावर पुन्हा बघायचा असतो. तो बघायचं मीच विसरले होते. उतरा, आवळा, परत चढा. चौथरा लांब राहिला होता, म्हणून मोतद्दाराच्या हातावर पाय देऊन.

रात्री जेवताना हिशेब केला. पडल्यापासून पुन्हा चढायला मला १३ महिने लागले होते, आणि आज पाऊण तासात तीनदा चढले होते. तिसऱ्या वेळी तोंडाला कोरड पडली होती का, ते आठवेना. तिसऱ्या वेळी तंगाचाच विचार चालला होता.

पावसाळ्यात पागा जवळजवळ बंद असते, मैदानाचा चिखल होतो. जून ते सप्टेंबर फीचा प्रश्नच नाही, पण गाडी पुन्हा रुळावर यायला ऑक्टोबर जातो. त्या दिवसांतही काका घोड्यांना रोज फिरवतात, आपल्याला फक्त खरारा.

आता यांच्या हिवाळ्यातल्या सफरीबद्दल. जानेवारीत मुरबाडकडे नेतात, एका दिवसाची, दोन टप्प्यांची. चारच स्वार आणि घोडे नऊ: चार पहिल्या टप्प्याला, चार दुसऱ्याला, एक कोतल. ६,५०० रुपये. महाग वाटतं खरं, पण एका माणसामागे सव्वादोन घोडे आणि दोन ट्रक असतात. २०२५ च्या जानेवारीत मी गेले. टोकावड्याच्या पुढून सुरुवात, भातकापणी झालेल्या शेतांच्या कडेकडेने, समोर नानाचा अंगठा नावाचा कडा. थंडी चांगली होती, घोड्यांच्या नाकांतून वाफा. १४ किलोमीटरनंतर वैशाखऱ्याच्या अलीकडे आंब्याच्या झाडाखाली बदलीचे घोडे मिळणार होते.

मिळाले नाहीत. दुसरा ट्रक शहाडच्या पुलावर अडकला होता. दीड तास. आमच्यातले दोघे कुरकुरायला लागले की याच घोड्यांना पाणी पाजू आणि निघू, तासभर उभेच तर आहेत. काकांनी खोगिरं काढायला लावली, म्हणजे विषयच मिटला. घोड्यांनी झाडाखाली अंग झाडलं, तुफान धुळीत लोळला. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. मी त्या दोघांना वरच्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखाबद्दल सांगितलं. राणी नागनिकेच्या काळातला म्हणतात, त्यात यज्ञांमध्ये दिलेल्या दानांची यादी आहे, इतक्या गाई, इतके हत्ती, घोडे, इतके कार्षापण म्हणजे नाणी. एकेक नग मोजून दगडात कोरलेला, दोन हजार वर्षं कोणी खाडाखोड केलेली नाही. त्यांना फारसा रस वाटला नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला तिथे हात जोडावेसे वाटतात.

ट्रक आला, मला मैना मिळाली, आणि अर्ध्या तासात मी पडले. हो, पुन्हा. बांधावरून एक बाई डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन अचानक वर आली, मैना बाजूला उडाली, मी होते तिथेच राहिले. म्हणजे हवेत. भाताच्या खुंटांवर पाठीवर आपटले, हेल्मेटचा मागचा भाग ढेकळावर. पाय रिकिबीतून सुटला, कारण पावलाचा पुढचा चवडाच आत ठेवायचा हे आता अंगात मुरलं होतं.

काका धावत आले नाहीत, चालत आले. नाव काय, वार कोणता, काल रात्री काय जेवलात. दोन्ही हात वर करायला लावले. बोटं धरून जोरात दाबायला लावली. मग मैनेचे चारी पाय चाचपले. हेल्मेट काढून उलटसुलट बघितलं आणि खिशातल्या चाकूने त्याचा पट्टा कापून टाकला, म्हणजे चुकूनही दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाणार नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं. मग म्हणाले, “चढताय, का ट्रकात बसताय?” ज्या आवाजात चहा घेणार का विचारतात, त्याच आवाजात. जादाचं हेल्मेट हातात तयार होतंच.

इथे एक सांगते, कारण ‘लगेच चढा’वाले पंधरा जण हेही वाचतील. डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल, मळमळत असेल, तर चढायचं नाही, थेट डॉक्टर. माझं तसं काही नव्हतं. पाठ दुखत होती आणि ती भाराबाई “माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं” करत माझ्याहून जास्त घाबरली होती. तिला धीर देता देता मी बांधावर उभी राहिले, बांध चौथऱ्याएवढाच उंच होता, आणि चढले.

तर एकूण जमाखर्च. हेल्मेटचे निम्मे पैसे, १,१०० रुपये, माझ्याकडून घेतले. हे आधी सांगितलं नव्हतं. पावती मागितली तर वहीच्या पानावर ‘टोपी – अर्धी’ असं लिहून दिलं. हा कागद मी कुठल्याही सोसायटीत पास केला नसता. त्यांची हेल्मेटं तशीही घामट वासाची आहेत, स्वतःचं घ्या. स्वच्छतागृह एक, कडी नीट लागत नाही. यूपीआयला रेंज मिळत नाही, रोख न्या. आणि वजन: भंगारवाल्याकडचा काटा आहे, सगळ्यांदेखत उभं करतात. खोगिरासकट वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवं, त्यांनी सरळ ८० किलोची रेघ आखली आहे. नवरा उत्साहाने आला होता, काटा ९४ वर गेला. काकांनी त्याला चहा पाजला. तो अजून रागात आहे.

पागेचं नाव टाकलेलं नाही ते विसरून नव्हे. घोडे नऊ आहेत, फेऱ्या ठरलेल्या आहेत. नाव टाकलं तर रविवारी गाड्यांची रांग लागेल आणि फळ्यावर ताण येईल. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी ओवळ्याला चहाच्या टपरीवर विचारावं, नाहीतर वासाच्या मागे जावं. आणि ज्यांना जायचं नाही, दुसऱ्या कुठल्या पागेत शिकताय, त्यांनी निदान रजिस्टर मागून बघावं. पेन किती आहेत ते मोजावेत. या पागेला माझे गुण पाचपैकी चार. अर्धा टोपीचा कापला, अर्धा नालबंदाचा.

गेल्या रविवारी गायमुखला ट्रेलर बंद पडला होता, पोचायला पावणेनऊ झाले. फळ्यावर नऊच्या नऊ नावांपुढे ‘झाले’ होतं, मैनेपुढेही. काकांना म्हटलं, आता? त्यांनी खरारा हातात दिला आणि ३०० रुपये घेतले.